तोडीचा हंगाम, येळवस अन् गॅदरिंग : पालकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

दिवाळीची सुट्टी संपली, शाळा भरल्या, पण आपल्याकडं या दिवसात पट आणि हजेरी यांचं जमत नाही हे प्राथमिकच्या कुठल्याही बाईंना विचारा. कोणाचे आई-बाप ऊसतोडीला गेले, कोणाकडं कापसाची वेचणी, कोणाची रब्बीची पेरणी उशिरा झाली म्हणून लेकरू शेतात. या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त याच विषयावरची आहेत म्हणून सुरुवात तिथूनच करते आणि त्याला जागाही जास्त देते, बाकीच्यांनी समजून घ्या.

प्रश्न : ताई, हे पत्र शेजारच्या पोराकडून लिहून घेतलंय. माझा लेक आन सून उचल (आगाऊ पैसे) घेऊन ऊसतोडीला चाललेत. नात तिसरीत हाय, नातू पहिलीत. सून म्हणती पोरीला ठेवा, नातवाला सोबत नेतो, तो लहानाय, रडतो. माझं वय झालंय, गुडघे दुखतात. दोघांचं मला होईल का? नातवाचं शाळेतलं नाव कटंल का? (एक आजी, केज तालुका)

आजी, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधी एक सांगते, दोघांनाही ठेवून घ्या. तुमच्या गुडघ्यांचं दुखणं मला कळतंय, म्हणून नुसतं "ठेवा" म्हणून मी मोकळी होणार नाही, कसं ठेवायचं तेही सांगते.

हंगामी वसतिगृह म्हणून एक सोय असते, सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतून चालते. ज्या गावातून बरीच कुटुंबं तोडीला जातात तिथल्या जिल्हा परिषद शाळेत हंगाम असेपर्यंत लेकरांच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय होते, दुपारचा पोषण आहार तर शाळेत असतोच. बऱ्याच गावांत लेकरं रात्री झोपायला आजी-आजोबांकडंच असतात, म्हणजे तुम्हाला चूल तीनदा पेटवायची गरज पडत नाही, फक्त रात्री जवळ घ्यायचं आणि सकाळी आवरून पाठवायचं. तुमच्या गावात ते चालू आहे का हे उद्याच शाळेत जाऊन हेडसरांना विचारा. नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीला सांगा की स्थलांतर करणाऱ्या लेकरांची यादी करून ठराव घ्या आणि केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं पाठवा. या समितीत कायद्यानं 75 टक्के सभासद पालकच असतात आणि निम्म्या बाया असतात, त्यामुळं "आमचं कोण ऐकतंय" असं मनात आणू नका, ती समिती तुमचीच आहे. आणि यादीत नाव हंगामाच्या तोंडावर लागलं तर उपयोग, माणसं निघून गेल्यावर मग कागद फिरत बसतो.

आता नाव कटण्याचं. नाही कटत. इतकं करूनही सून नातवाला घेऊनच गेली तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यायचं, त्यावर लेकरू कितवीत आहे, त्याला काय येतं हे लिहिलेलं असतं, ते दाखवून कारखान्याच्या भागातल्या जवळच्या शाळेत बसवता येतं आणि परत आल्यावर इथल्या वर्गात येता येतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे, दाखला नाही म्हणून किंवा वर्षाच्या मधे आला म्हणून 6 ते 14 वर्षाच्या लेकराला शाळेला परत पाठवता येत नाही. पण खरं सांगू का आजी, फडावर, म्हणजे तोडीच्या उसाच्या शेतावर, गेलेलं पहिलीतलं लेकरू तिथल्या शाळेत रोज जाईलच असं होत नाही. आई-बाप पहाटे अंधारात फडात जातात, कोपीजवळ (झोपडीजवळ) कोणी मोठं माणूस नसतं, शाळा कधी दोन कधी चार किलोमीटर, मधे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचा रस्ता. कोण सोडणार आणि कोण आणणार?

माझ्या वर्गात एक मुलगा होता. दुसरीत असताना नोव्हेंबरला गेला तो एप्रिलला आला. मला वाटलं सगळं विसरला असंल. त्याला काड्यांचे गठ्ठे मोजायला दिले तर पोरानं बोटं न मोडता वीस-वीसच्या ढिगानं भराभर मोजले, मी विचारलं हे कुठं शिकलास, तर म्हणाला मोळ्या मोजायचो बाबासोबत. पण पाटीवर 43 लिही म्हणलं तर 34 लिहिलं, पुसलं, परत 34 लिहिलं, आणि मग पेन्सिल खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिला. हुशारी जागेवर होती हो, सहा महिने फक्त कोणी पाटी समोर धरली नव्हती. पहिली-दुसरीचे सहा महिने म्हणजे पायाचा दगड काढल्यासारखं आहे, वरची भिंत मग कशी चढवायची?

अजून एक, नातीबद्दल. तिसरीतली पोर घरात राहिली की पाणी भरणं, भांडी, भावाला सांभाळणं हे हळूहळू तिच्यावर येतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मदत करू द्या, पण शाळेची घंटा वाजायच्या आत ती घराबाहेर पडली पाहिजे एवढा एक नियम ठेवा. तुम्हाला बरं नसलं तर ती घरी थांबणार नाही, शेजारणीला हाक मारायची. आणि लेका-सुनेला जायच्या आधी एकदा शाळेत बाईंना भेटवून आणा, त्यांचा, नाहीतर टोळीच्या मुकादमाचा का होईना पण चालू असलेला फोन नंबर बाईंकडं लिहून ठेवा. लेकरू आजारी पडलं तर कोणाला सांगायचं हा प्रश्न रात्री पडू नये. लेकरांबाबत काही अडचण, त्रास असला तर 1098 हा नंबर फुकट लागतो, तो भिंतीवर खडूनं लिहून ठेवा.

प्रश्न : मुलगी चौथीत आहे, गॅदरिंगला तिच्या ग्रुप डान्सला भाड्याचा ड्रेस 500 रुपये सांगितलाय. सोयाबीनला भाव नाही, आम्ही नाही म्हणालो तर दोन दिवस जेवली नाही नीट. शाळेला कसं सांगावं, वाईट दिसतं. (एक आई, परभणी)

अजिबात वाईट दिसत नाही, उलट तुमच्यासारखं वाटणाऱ्या अजून चार-पाच आया त्याच वर्गात असतील, त्यांना फोन करा आणि मिळून जा. बाईंना सांगा की डान्स राहू द्या पण ड्रेस घरातला चालंल असा बसवा. आईची जुनी नऊवारी किंवा इरकल, आजोबांचं धोतर-पटका, आजीची नथ यात जे रूप येतं ते भाड्याच्या चमकीत येत नाही, हे मी पंधरा-वीस गॅदरिंग बसवून सांगतेय. गोंधळ, वासुदेव, भारूड, पोतराज यातलं काही बसवलं तर पैसाही लागत नाही आणि गावातली म्हातारी माणसं पुढं बसून बघतात. आणि मुलीला खरं कारण सांगा. "परवडत नाही" हे चौथीतल्या लेकराला कळतं, "तुला नाचता येत नाही, कशाला नाचायचं" असं काहीतरी सांगून टाळलं तर ते मात्र जिव्हारी लागतं.

प्रश्न : येळवशीला आमची लातूरकडं सुट्टी असते एक दिवस, पण आम्ही लेकरांना आदल्या दिवशीपासूनच शेतात नेतो, म्हणजे दोन-तीन दिवस शाळा बुडते. सर नाराज होतात. नेऊ की नको? (एक वडील, औसा तालुका)

ज्यांच्याकडं येळवस नाही त्या वाचकांसाठी आधी दोन ओळी. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर-धाराशिव भागात, आणि खाली कर्नाटकाच्या कडेला पण, सगळं गाव शेतात जातं. रस्ते ओस आणि शेतं भरलेली असं चित्र असतं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत पाच पांडव म्हणून चुना लावलेले दगड मांडायचे, पूजा, आणि मग भज्जी (मिसळ भाजी), बाजरीचे उंडे, आंबील, खीर. कोणी ओळखीचं असो नसो, बांधावरून चाललेल्याला हाक मारून जेवायला बसवायचं.

आता तुमच्या प्रश्नाचं. येळवशीला नक्की न्या, आदल्या दिवशी मात्र शाळेत पाठवा. तयारी संध्याकाळी पण होते, खरं तर रात्रीच जास्त होते. तुरीच्या शेंगा, वाटाणा, ओला हरभरा सोलायला लेकरांना बसवा आणि सोलता सोलता मापं त्यांच्या हातात द्या, किती वाट्या झाल्या, पाहुणे वीस आले तर किती लागतील, आंबिलीला ताक किती अन् ज्वारीचं पीठ किती. मी दरवर्षी येळवशीच्या दुसऱ्या दिवशी गणिताचं पुस्तक काढतच नाही, फळ्यावर "भज्जी" एवढंच लिहिते आणि म्हणते तुमच्या घरच्या भज्जीत काय काय होतं ते एकेकानं येऊन लिहा. गेल्या वेळी फळा भरला, खाली जागा उरेना, मेथी, पालक, चुका, चिंच, गाजर, वांगं, शेंगदाणे, बोरं पण होती एकाच्यात, त्यावर वर्गात भांडण लागलं की बोरं टाकतात का नाही. एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी उठून म्हणाली आमच्यात टाकतात, माझी आजी टाकती, आणि बोर कधी टाकायचं, किती शिजवायचं सगळं सांगून बसली. नंतर मी शब्द विचारले, तर धुरा, सरी, वरंबा, पेंढी, कणीस, ताट, बिंदगी असे किती तरी निघाले. आता यातलं किती पुस्तकात सापडंल?

तर सरांना आधी जाऊन सांगा की एक दिवस नेतोय आणि परत आल्यावर लेकरू वर्गात सांगंल. कुठलाही सर नाराज होणार नाही. दुसऱ्या दिवशी राहिलेली आंबील संपवायला म्हणून घरी ठेवू नका तेवढं. न्यायचंच तर एक तांब्या वर्गासाठी पाठवून द्या.

प्रश्न : जंताच्या गोळीनं मुलाचं पोट दुखलं मागच्या वेळी. फेब्रुवारीत परत देणार म्हणे. नाही म्हणलं तर चालतं का? (हिंगोली)

10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्ट हे जंतनाशक दिन असतात, शाळेत आणि अंगणवाडीत अल्बेंडॅझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी देतात. पोटात जंत जास्त असले तर गोळीनंतर थोडं पोट दुखणं, मळमळणं होऊ शकतं, ते बहुतेक वेळा आपोआप बसतं. उपाशीपोटी पाठवू नका, गोळी चावून खायची, गिळायची नाही हे लेकराला सांगा, आणि त्या दिवशी ताप किंवा आजारपण असंल तर बाईंना आधी सांगा म्हणजे त्या दिवशी देणार नाहीत, राहिलेल्यांना काही दिवसांनी देतात. मागच्या वेळी नक्की काय झालं तेही त्यांना सांगून ठेवा. पण गोळी चुकवू नका, जंत असलेलं लेकरू खाऊनही वाळत जातं, वर्गात पेंगतं आणि आपण म्हणतो अभ्यासात लक्ष नाही.

प्रश्न : मुलगा दुसरीत, जोडाक्षर आलं की अडकतो. शेजारची मुलगी पहिलीत असून इंग्लिश पोयम म्हणते. ट्यूशन लावू का? शनिवारी तर यांची शाळा दप्तराशिवाय, नुसती गाणी अन् खेळ, मग अभ्यास होणार कधी? (एक आई, नांदेड)

ट्यूशन नका लावू. दुसरीत नोव्हेंबरला जोडाक्षर अडणं हे काळजीचं नाही, नेहमीचं आहे. निपुण भारत या लहान वर्गांच्या वाचन-गणिताच्या सरकारी अभियानात सुद्धा समजून वाचायला येण्याचं टार्गेट तिसरी संपेपर्यंतचं धरलेलं आहे, दुसरीला मिनिटाला 45 ते 60 शब्द. म्हणून काही घड्याळ लावून बसू नका, घड्याळ बघितलं की लेकरू अंदाजानं शब्द फेकायला लागतं.

पोयमचं म्हणाल तर पाठ म्हणणं वेगळं आणि वाचणं वेगळं. त्या मुलीचं कौतुक करा पण तुमच्या मुलासमोर तुलना करू नका, एवढं कळकळीनं सांगते.

घरात काय करता येतं ते सांगते. सध्या हरभऱ्याची पेरणी चालू आहे, बियाण्याची पिशवी घरात आलीच असंल. त्यावर "प्रमाणित बियाणे" लिहिलेलं असतं, निळा टॅग असतो, ते मुलाला वाचायला लावा. माझ्या वर्गातला एक जण "प्रमाणित" ला अडला, आधी "परमानित" म्हणला, मग प वर बोट ठेवून "प... र... एकदम म्हणायचं का बाई?" असं त्यानंच मला विचारलं. हो म्हणलं एकदमच म्हणायचं. त्या दिवशी त्यानं घरातल्या सगळ्या पिशव्या वाचल्या असं त्याची आई नंतर सांगत होती. बसस्टँडवर गेलात तर एसटीचे बोर्ड, अक्कलकोट, श्रीरामपूर, छत्रपती संभाजीनगर, तिन्हीत जोडाक्षर आहे आणि गाडी यायच्या आत वाचायचं म्हणजे खेळ होतो. तुम्ही भाकरी थापताना त्याला शेजारी पाटावर बसवा आणि एक पान मोठ्यानं वाचू द्या, चुकलं तर लगेच टोकू नका, वाक्य पूर्ण होऊ द्या. दहा मिनिटं, पण रोज.

आणि शनिवारचं. पहिली ते आठवीला आनंददायी शनिवार म्हणून तो उपक्रम आहे, 2024 ला त्याचा शासन निर्णय निघाला. प्राणायाम, गोष्टी, खेळ, रस्त्यावर कसं वागायचं, पैशाचा हिशेब असं बरंच त्यात येतं. "नुसतं खेळतात" म्हणून शनिवारी लेकरू घरी ठेवणारे पालक मी दर आठवड्याला बघते आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण अभ्यासात मागं असलेलं लेकरू बऱ्याचदा शनिवारीच पहिल्यांदा पुढं येतं.

प्रश्न : आम्ही संभाजीनगरला फ्लॅटमध्ये राहतो, गावाकडं आता कोणी नाही. शाळेनं "हिवाळा" यावर प्रोजेक्ट दिलाय, नेटवरून चित्रं काढून चिकटवायची का?

नाही हो, तुमच्यापासून पन्नासेक किलोमीटरवर पैठणला नाथसागर आहे ना! जायकवाडीचा हा जलाशय 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे आणि हिवाळ्यात लांबून पक्षी येतात, चक्रवाक म्हणजे नारिंगी-विटकरी रंगाचं मोठं बदक हमखास दिसतं, नशीब असलं तर रोहित (फ्लेमिंगो) पण. रविवारी पहाटे निघा, उन्हं चढायच्या आत पोहोचा, स्वेटर घाला पण भडक रंगाचा नको. मुलाच्या हातात एक छोटी वही द्या, पक्षाचं नाव नाही आलं तरी चालंल, किती होते, काय करत होते, चोच कशी होती एवढं त्यानं स्वतः लिहावं आणि वेडंवाकडं का होईना चित्र त्यानंच काढावं. जाणं नाहीच जमलं तर गॅलरीत एका कुंडीत मेथी पेरा, तीन-चार दिवसात उगवते, रोज पट्टीनं मोजायची. सोबत पहाटेचं तापमान लिहायचं. झाला हिवाळ्याचा प्रोजेक्ट.

प्रश्न : आधार अपडेट करा म्हणून शाळेतून सारखा मेसेज येतो. मुलगा 6 वर्षाचा आहे, आधार तर आधीच काढलंय. (जालना)

पाच वर्षाच्या आत काढलेल्या आधारला बोटांचे ठसे घेतलेले नसतात, म्हणून पाच पूर्ण झाले की एकदा ठसे आणि फोटो द्यावे लागतात. 5 ते 7 या वयात हे फ्री होतं, पैसे मागितले तर देऊ नका. जन्मदाखल्यावरचं नाव, शाळेतलं नाव आणि आधारवरचं नाव तिन्ही अक्षर अन् अक्षर जुळतात का ते याच वेळी बघून घ्या, पाचवीत नवोदय विद्यालयाचा फॉर्म भरताना मग पळापळ होत नाही.

प्रश्न : मी सध्या फडावर आहे, सातारा साईडला. मुलगी गावी आईकडं, दुसरीत. रात्री फोन लावतो, अभ्यास केला का विचारलं की हो म्हणते आणि गप बसते. काय बोलावं कळत नाही. (एक वडील, धारूर तालुका)

दादा, "अभ्यास केला का" ला "हो" शिवाय दुसरं उत्तरच नसतं म्हणून ती गप बसते. त्याऐवजी विचारा, आज खिचडीत काय होतं, वर्गात कोण आलं नव्हतं, बाईंनी कोणती गोष्ट सांगितली, कोणाशी भांडलीस. आणि तुम्ही पण तिला सांगा, आज किती मोळ्या झाल्या, थंडी किती होती, कोपीपाशी कुत्र्याची पिल्लं आहेत का. तिला तुमचा दिवस डोळ्यासमोर दिसला की ती तिचा सांगंल. फोनची वेळ एक ठरवा, जेवणानंतर साडेआठ म्हणा, दमलेले असाल तर दोनच मिनिटं, पण रोज त्याच वेळेला, कारण लेकरू त्या वेळेची वाट बघत बसतं. पुस्तकातलं अर्धं पान तिला फोनवर वाचायला सांगा, तुम्ही नुसतं हं हं म्हणत ऐका, तुम्हाला वाचता येत नसलं तरी काही अडत नाही.

3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, शाळेत बालिका दिन असतो, बऱ्याच पोरी सावित्री होऊन येतात, तुमची पण होणार असंल. बाईंना आधीच सांगून ठेवा की तिचं भाषण मोबाईलवर शूट करून पाठवा. आम्ही पाठवतो, मागायचा संकोच करू नका. आणि भाषणाची तयारी रात्रीच्या त्या फोनवर तुमच्यासमोरच होऊ द्या.